‘त्या रात्री विचारणार कोणाला होतो?’

या आठवड्याचे पत्र एका शिक्षिकेचे आहे. त्या लिहितात :

“मी महाविद्यालयात भाषा शिकवते आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका वर्गाची वर्गशिक्षिका आहे. गेल्या सत्रात आम्ही मुलांसाठी आर्थिक साक्षरतेवर दोन तासांचे व्याख्यान ठेवले होते. एका वित्तसंस्थेचे प्रतिनिधी आले होते. त्यांनी बचत, गुंतवणूक आणि चक्रवाढ व्याज यांवर छान चित्रफिती दाखवल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि जाताना खाते उघडण्याचे अर्जही भरून दिले. तीन महिन्यांनी त्याच वर्गातला, पहिल्या बाकावर बसून टिपणे घेतलेला एक मुलगा माझ्याकडे आला. लॅपटॉप दुरुस्त करण्यासाठी त्याने मोबाइलच्या ॲपवरून कर्ज घेतले होते. त्याचा हप्ता चुकला म्हणून दुसऱ्या ॲपवरून घेतले आणि ते फेडायला तिसऱ्यावरून. ‘तू तर व्याख्यानाला होतास ना?’ असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘होतो, मॅडम, पण त्या रात्री विचारणार कोणाला होतो?’ पुढच्या वर्षी मला काहीतरी ठोस करायचे आहे. मी या विषयातली जाणकार नाही. सुरुवात कुठून करावी? आणि या मुलाला आता काय सांगावे?”

आदरणीय मॅडम,

आपल्या पत्रातील त्या मुलाच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. व्याज म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, चक्रवाढीची व्याख्याही त्याच्या वहीत उतरवलेली असणार. त्याच्यापाशी नव्हते ते दुसरेच काही होते : समोरच्या पडद्यावर ‘मान्य आहे’ असे बटण आले असताना हातात कागद-पेन्सिल घेऊन आकडा मांडण्याची सवय, आणि ‘मी हे घेऊ का?’ असे न लाजता विचारता येईल असे एक माणूस. आपण पुढच्या वर्षी जे काही कराल ते या दोन गोष्टींभोवती उभे करावे, असे मला मनापासून वाटते. बाकीचे सारे त्यात हळूहळू भरता येते.

आधी व्याख्यानाविषयी. आपण स्वतःला दोष देत आहात असे पत्रावरून जाणवते, म्हणून हे सांगते. २०१४ मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमेयर या तीन संशोधकांनी आर्थिक शिक्षणावरील आधीच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला होता. लोकांच्या आर्थिक वर्तनात जो फरक आढळतो, त्यातील जेमतेम ०.१ टक्का फरक अशा शिक्षणामुळे पडलेला दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अनेक तासांचे शिक्षण दिले तरी वीसएक महिन्यांनी त्याचा परिणाम जवळजवळ विरून जातो, असेही त्यांना आढळले. त्यामुळे निर्णयाच्या तोंडावर, त्या निर्णयापुरते शिकवण्याकडे लक्ष द्यावे असे त्यांनी सुचवले. यावरून हा विषय शिकवणेच व्यर्थ आहे, असा अर्थ काही जणांनी काढला. तो बरोबर नव्हता. २०२२ मध्ये कायझर, लुसार्डी, मेंकहॉफ आणि अर्बन यांनी ७६ नियंत्रित प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्ञान आणि वर्तन या दोन्हींवर आर्थिक शिक्षणाचा चांगला परिणाम दिसून आला. मी या दोन्हींचा मेळ असा घालते की शिकवल्याने नक्की फरक पडतो, परंतु व्याख्यान ऐकणे आणि कर्ज घेणे यांच्यामध्ये तीन महिने गेले तर ऐकलेले वहीतच राहते. आपल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आपण जाणकार नसल्याचे लिहिले आहे. मला मात्र आपण भाषेच्या शिक्षिका आहात ही फार मोलाची गोष्ट वाटते. तरुण मुले पैशाच्या व्यवहारात फसतात ती बहुतेकदा गणितात कच्ची असल्यामुळे फसत नाहीत, कारण लागणारे गणित बेरीज, गुणाकार आणि टक्केवारी यांच्या पलीकडे क्वचितच जाते. ती वाचण्यात फसतात. ‘फक्त’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘अटी लागू’, ‘शून्य टक्के’ या शब्दांवरून त्यांची नजर घसरून जाते. कर्जाचा करार हा एक मजकूर आहे. त्यात कर्ता कोण, कोणावर बंधन आहे, ‘राहील’ आणि ‘राहू शकेल’ यांत काय अंतर आहे, कोणती अट कोणत्या वाक्याच्या पोटात दडवली आहे, हे शोधायला आपल्याइतके चांगले कोण शिकवू शकेल? आर्थिक साक्षरतेतला साक्षरता हा शब्द मी अगदी अक्षरशः घेते. आपल्या तासाला एक खरा करार, त्यावरील नावे खोडून, वर्गात वाचायला घ्या. दोन पाने वाचायला एक पूर्ण तास लागला तरी लागू द्या.

आता त्या कागद-पेन्सिलीविषयी. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात मुलांचे डोळे उघडतात ते इथेच.

फळ्यावर असे लिहा : १२,००० कर्ज, मुदत १२ महिने, व्याज वर्षाला १२ टक्के फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेले. मुले लगेच सांगतील की व्याज १,४४० झाले, एकूण परतफेड १३,४४० आणि हप्ता १,१२०. इथपर्यंत सारे बरोबर आहे. आता त्यांना विचारा, ‘वर्षभर तुमच्याकडे कर्जाचे किती पैसे होते?’ वर्ग म्हणेल, बारा हजार. मग हप्त्यातले १,००० मुद्दलाचे आणि १२० व्याजाचे धरून दर महिन्याची शिल्लक एकाखाली एक लिहायला लावा. पहिल्या महिन्यात १२,०००, दुसऱ्यात ११,०००, तिसऱ्यात १०,०००, आणि असे उतरत शेवटच्या महिन्यात उरतात फक्त १,०००. या बारा आकड्यांची सरासरी ६,५०० येते. म्हणजे हातात सरासरी साडेसहा हजारच होते आणि त्यावर व्याज मोजले १,४४०. भागाकार केला की दर येतो सुमारे २२ टक्के. घटत्या शिल्लकीचे सूत्र काटेकोरपणे लावले तर तो साडेएकवीसच्या आसपास निघतो, पण पेन्सिलीच्या गणितातला अर्ध्या टक्क्याचा फरक इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे आहे की जाहिरातीत लिहिलेला बाराचा आकडा खोटा नव्हता आणि तरीही प्रत्यक्ष दर त्याच्या जवळजवळ दुप्पट होता.

यानंतर आणखी एक ओळ घाला : प्रोसेसिंग फी ३००, कर्जातून आधीच वजा. हातात आले ११,७००, हप्ता मात्र तोच. मुलांना दर पुन्हा काढू द्या. तो २६ टक्क्यांच्या पुढे जातो. तीनशे ही रक्कम ऐकायला किरकोळ वाटते आणि कर्ज घेणारा तिच्याकडे दुर्लक्ष करतो. परंतु कर्जाची रक्कम जितकी लहान आणि मुदत जितकी कमी, तितके हे ठरावीक शुल्क जास्त जड होत जाते. आपल्या विद्यार्थ्याने घेतली तशी काही आठवड्यांची छोटी कर्जे नेमकी या जागी माणसाला पिळून काढतात. हजाराचे कर्ज, तीस दिवसांची मुदत आणि शंभर शुल्क असे असेल, तर ‘व्याज शून्य’ असे लिहिलेले असूनही महिन्याला दहा टक्के गेले. ते शंभर आधीच कापून घेतले असतील तर वापरायला मिळाले नऊशेच, म्हणजे दर अकरा टक्क्यांच्याही वर गेला.

मी माझ्या पहिल्या नोकरीत एक वस्तू हप्त्यांवर घेतली होती. दुकानातील माणसाने बोट ठेवले तिथे तिथे मी सही करत गेले. तो माणूस सौजन्याने वागत होता, माझ्यामागे रांग होती आणि वाचत बसणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले. बऱ्याच वर्षांनी जुनी कागदपत्रे आवरताना तो करार हाती लागला. तेव्हा हाच सरासरी शिल्लकीचा हिशेब मी पहिल्यांदा केला आणि निघालेला आकडा पाहून घशाशी आवंढा आला. म्हणून मुलांना हिशेबाबरोबर एक वाक्यही शिकवा आणि ते वर्गात मोठ्याने म्हणायला लावा : ‘मी हे घरी नेऊन वाचतो आणि उद्या सांगतो.’ हे वाक्य तोंडात बसलेले नसले की ऐनवेळी संकोच जिंकतो. उद्या हे वाक्य ऐकून जो माणूस किंवा जे ॲप सवलत मागे घेण्याची धमकी देईल, त्याच्याविषयी मुलांना आपोआप पुरेसे कळेल.

क्रेडिट कार्डाचा हिशेबही असाच करून घ्या. थकबाकी २०,०००, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि दर महिन्याला फक्त किमान देय रक्कम, म्हणजे थकबाकीच्या ५ टक्के, भरायची. नवी खरेदी एकही नाही, इतका शहाणपणा गृहीत धरा. वर्षाअखेरीस भरलेल्या पैशांची बेरीज सुमारे ११,००० होते आणि थकबाकी मात्र अवघी ४,६०० च्या आसपास कमी झालेली असते. उरलेले सुमारे ६,४०० व्याजात गेले. थकबाकी निम्मी व्हायला जवळजवळ बत्तीस महिने लागतात. हे बारा महिन्यांचे कोष्टक मुलांनी स्वतः, एकेक ओळ करत, भरायला हवे. तयार कोष्टक दाखवू नका. सातव्या-आठव्या ओळीला कोणीतरी ‘हे संपतच नाही’ असे म्हणते, आणि त्या क्षणी जे शिकले जाते ते चित्रफितीने होत नाही.

मग याच गणिताची दुसरी बाजू. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण कळतात. हा नियम १४९४ मध्ये इटालियन गणिती लुका पाचिओली यांच्या गणितग्रंथात छापला गेलेला आहे, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे माणसे तो वापरत आली आहेत. ६ टक्क्यांनी पैसे १२ वर्षांत दुप्पट होतात. महागाई ६ टक्के असेल तर गादीखाली ठेवलेल्या पैशांची किंमत साधारण तेवढ्याच काळात निम्मी होते. आणि महिन्याला ३ टक्के दराने वाढणारे, न फेडलेले कर्ज अवघ्या २४ महिन्यांत दुप्पट होते. बचत, महागाई आणि कर्ज या तिन्ही ठिकाणी तोच नियम लागू पडतो, हे एकदा लक्षात आले की मुले स्वतःहून पुढचे प्रश्न विचारू लागतात. त्यातला सर्वांत चांगला प्रश्न असा असतो की मग कर्ज डोक्यावर असताना गुंतवणूक करायची का. उत्तर सरळ आहे. ३६ टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे ३६ टक्के खात्रीने कमावणे, आणि कोणतीही प्रामाणिक गुंतवणूक तेवढी खात्री देत नाही.

आपल्याला वर्षाच्या सुरुवातीला वर्ग कुठे उभा आहे हे तपासायचे असेल, तर लुसार्डी आणि मिचेल या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये तयार केलेले तीन प्रश्न पुरेत. जगभर तेच वापरले जातात. वर्षाला २ टक्के व्याजाने ठेवलेले १०० पाच वर्षांनी १०२ पेक्षा जास्त होतील की कमी? खात्यावर १ टक्का व्याज आणि महागाई २ टक्के असेल तर वर्षाने त्या पैशांत आजच्यापेक्षा जास्त वस्तू येतील की कमी? आणि एकाच कंपनीचा शेअर घेणे हे म्युच्युअल फंडात पैसे ठेवण्यापेक्षा सुरक्षित असते का? तिन्ही प्रश्न सोपे दिसतात. परंतु अनेक देशांत तिन्हींची अचूक उत्तरे देणारी प्रौढ माणसेही निम्म्यापेक्षा कमी भरतात, त्यामुळे मुले चुकली तर त्यांना हसू नका आणि हसू देऊ नका. २०१२ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांच्या आर्थिक साक्षरतेची पहिल्यांदा परीक्षा घेतली गेली, तेव्हा त्यात एक वेतनपत्रक देऊन प्रत्यक्ष खात्यात किती रक्कम जमा झाली असे विचारले होते. मला तो प्रश्न फार आवडतो. वेतनपत्रकावरचा मोठा आकडा आणि हातात पडणारा आकडा यांतले अंतर न समजल्यामुळे कितीतरी तरुण पहिल्याच महिन्यात न झेपणारा हप्ता पत्करतात.

फसवणुकीवर फार वेळ घालवू नका, पण एक हिशेब अवश्य करून घ्या. १९२० मध्ये बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या माणसाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे वचन देऊन हजारो लोकांकडून पैसे गोळा केले. नव्या लोकांचे पैसे तो जुन्यांना नफा म्हणून देत असे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली. मुलांना सांगा, ४५ दिवसांचे आठ फेरे एका वर्षात बसतात. शंभराला आठ वेळा दीडपट करत जा. वर्षाअखेरीस अडीच हजारांच्या वर आकडा जातो. दुसऱ्या वर्षी हेच पुन्हा केले तर तो ६५,००० ओलांडतो. एखादी योजना खरी आहे का, याची पहिली परीक्षा म्हणून तिचे वचन वर्षभर, दोन वर्षे पुढे नेऊन पाहायचे आणि मग विचारायचे की हे पैसे शेवटी येणार कुठून. समाजमाध्यमांवर शेअर बाजारातून रोजची कमाई दाखवणाऱ्या चित्रफितींनाही हीच परीक्षा लावता येते. ओटीपी आणि पिन कोणालाही न सांगणे हे तर मुलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांना ठाऊक नसते ते हे की घाई करायला लावणारा फोन हाच धोक्याचा इशारा आहे, मग फोन करणारा कोणाचेही नाव सांगो.

एक गोष्ट मी जरा स्पष्टच लिहिते. ज्या संस्थेला विद्यार्थ्यांना काही विकायचे आहे, तिच्या प्रतिनिधीकडून हा विषय शिकवून घेऊ नका. आलेले प्रतिनिधी वाईट होते असे मी म्हणत नाही. त्यांनी सांगितलेले सारे खरेही असेल. परंतु व्याख्यानाच्या शेवटी अर्ज भरून घ्यायचे असतील तर व्याख्यानात काही प्रश्न येतच नाहीत. या खात्याला शुल्क किती, किमान शिल्लक न ठेवल्यास काय, हाच व्यवहार दुसरीकडे स्वस्त मिळतो का, आणि मुळात मला याची आज गरज आहे का, हे प्रश्न मुलांच्या तोंडी बसवणे हेच तर आपले काम आहे. टाळ्यांच्या पाठोपाठ सही घेणे ही नेमकी ती सवय आहे जी आपल्याला मोडायची आहे. बाहेरचा माणूस हवाच असेल तर निवृत्त लेखापाल, गणिताचे सहकारी किंवा महाविद्यालयाच्याच लेखा विभागातले कोणी बोलवा, आणि त्यांना भाषण न देता मुलांनी आणलेले कागद त्यांच्यासोबत वाचायला सांगा.

बचतीच्या बाबतीत उपदेश फारसा चालत नाही. खर्च उरकून उरलेले बाजूला टाकू, असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही, हे आपण सगळेच जाणतो. इथे इच्छाशक्तीपेक्षा व्यवस्था उपयोगी पडते. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी एका कंपनीतील कर्मचाऱ्यांना पगार आताच कापा असे न सांगता, पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल एवढेच आधी मान्य करायला लावले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही योजना स्वीकारणाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात कधी न आलेले पैसे गेल्याचे दुःख माणसाला होत नाही. आपल्या मुलांपैकी जी अर्धवेळ कामे करतात किंवा ज्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्यांना एवढेच करायला सांगा की पैसे जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची. रक्कम कितीही लहान चालेल. आपल्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप बिघडला त्या रात्री त्याच्याकडे दुरुस्तीपुरती रक्कम बाजूला असती, तर पुढचे काहीच घडले नसते. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी असावा असे सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलाला तो आकडा डोंगरासारखा वाटतो. त्याला म्हणावे, आधी एका दुरुस्तीपुरते साठव.

आणि ज्याच्याकडे साठवायलाच काही नाही, त्याला साक्षरतेचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. आपल्या वर्गात अशीही मुले असतील जी घरी पैसे पाठवत असतील आणि ज्यांचा प्रत्येक खर्च आधीच कसोशीने मोजलेला असेल. पैशाचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. त्यांच्यासाठी शिक्षणशुल्क हप्त्यांनी भरण्याची सोय, विद्यार्थी साहाय्य निधी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख वेळेवर कळणे, हीच खरी मदत असते. अशा सोयी महाविद्यालयात असतात आणि तरीही कित्येक मुलांना त्या ठाऊक नसतात. ती माहिती वर्गाच्या दारावर लावणे हेही आर्थिक साक्षरतेचेच काम आहे.

आता ‘विचारणार कोणाला’ या प्रश्नाकडे येते. आठवड्यातला एक ठरलेला तास जाहीर करा, ज्यात कोणताही विद्यार्थी पैशासंबंधीचा कोणताही कागद किंवा मोबाइलवरचा मजकूर घेऊन येऊ शकेल. आपल्याला सारे माहीत असण्याची गरज नाही. ‘मलाही कळत नाही, आपण दोघे मिळून वाचू’ असे शिक्षिकेने म्हटले की मुलाचा अर्धा संकोच तिथेच गळून पडतो. मात्र दोन नियम आपण स्वतःसाठी पाळावेत. पहिला असा की आलेल्या मुलाचे नाव आणि त्याची परिस्थिती त्या खोलीबाहेर जाणार नाही, सहकाऱ्यांमध्येही नाही. दुसरा असा की ‘तुला हे आधी कळायला नको होते का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. आपण त्या मुलाला व्याख्यानाची आठवण करून दिलीत, ते काळजीपोटी होते हे मला कळते. पण पुढच्या वेळी त्या जागी ‘किती आहे आणि कधीपर्यंत भरायचे आहे?’ असे विचारा. कर्जात सापडलेला माणूस दुसरे आणि तिसरे कर्ज घेतो, ते बहुतेकदा पहिले लपवण्यासाठी घेतो.

त्या मुलासोबत याच आठवड्यात बसा. एका कागदावर चार रकाने आखा : कोणाला द्यायचे, मुद्दल किती उरले, सर्व शुल्क धरून खरा दर किती, आणि पुढची तारीख कोणती. तिन्ही कर्जे त्याला स्वतःच्या हाताने लिहू द्या. आपण लिहू नका. पहिला निर्णय असा असावा की चौथे कर्ज घ्यायचे नाही, कोणत्याही कारणासाठी नाही, आणि ती ॲप मोबाइलवरून काढण्याआधी सर्व करार आणि पावत्या जपून ठेवायच्या. त्यानंतर कर्ज देणाऱ्यांना हप्ता चुकण्यापूर्वी लेखी कळवून मुदत वाढवून मागायची. चुकल्यानंतर मागण्यापेक्षा चुकण्याआधी मागितलेली मुदत मिळण्याची शक्यता अधिक असते. सर्वांचा किमान हप्ता भरून जे उरेल ते सर्वांत जास्त दराच्या कर्जावर टाकायचे, ते संपले की तीच रक्कम पुढच्यावर. त्याला सर्वांत लहान कर्ज आधी संपवून धीर मिळत असेल तर तसेही चालेल. व्याजात थोडे जास्त जाईल, पण तो मध्येच सोडून देणार नाही. घरच्यांना सांगायचे की नाही हा निर्णय त्याचा आहे, परंतु घरातून थोडी रक्कम बिनव्याजी मिळणे शक्य असेल तर त्या एका अवघड संभाषणाची किंमत या व्याजापेक्षा नक्कीच कमी आहे. तो सांगायला तयार झाला आणि त्याची इच्छा असेल, तर आपण त्या वेळी त्याच्याजवळ बसा. वसुलीसाठी कोणी त्याला धमकावत असेल, त्याच्या मित्रांना फोन करत असेल किंवा त्याची छायाचित्रे पसरवण्याची भीती घालत असेल, तर मात्र ती गोष्ट हप्त्यांच्या हिशेबात धरू नका. ते संदेश जपून ठेवा आणि त्याच्याबरोबर पोलिसांकडे आणि वित्तीय नियामकाच्या तक्रार विभागाकडे जा. धमकावण्याचा हक्क कोणत्याही कर्जाने कोणाला मिळत नाही.

तो कागद त्याने फाडून टाकू नये, एवढे मात्र सांगा. काही महिन्यांनी शेवटची रक्कम फिटली आणि त्याने मनापासून होकार दिला, तर नाव काढून आणि आकडे थोडे बदलून तोच कागद पुढच्या वर्षीच्या पहिल्या तासाला फळ्यावर उतरवा. त्याची तयारी नसेल तर माझे १२,००० चे उदाहरण आहेच.

आपली,
सदरलेखिका